आतली फट आधी, बाहेरची फट शेवटी : माळ्यावरच्या वटवाघळांचं एक प्रकरण

सकाळी साडेसातला फोन आला. "काल रात्री आम्ही फट बुजवली. सगळी वटवाघळं बाहेर उडून गेली, ते डोळ्यांनी पाहिलं आणि मगच बुजवली. मग आता आत खरवडतंय कोण?"

बोलणारे गृहस्थ घाबरलेले नव्हते, बुचकळ्यात पडले होते. त्यांच्या हिशेबात काही चुकलेलं नव्हतं. वटवाघळं रात्री बाहेर जातात, म्हणजे रात्री घर रिकामं, म्हणजे दार लावायची वेळ तीच. शिडी लावून त्यांनी वळचणीच्या फळीमागची हातभर लांबीची फट विस्तारणाऱ्या फोमने भरून टाकली होती. पहाटेपासून छतात चिरचिर आणि खरखर चालली होती. बाहेर उजाडेपर्यंत वीसेक वटवाघळं त्याच भिंतीपाशी घिरट्या घालत, आपटत होती. आणि मुलाच्या खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर "काहीतरी गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखं" पडलेलं सापडलं होतं.

मी घराभोवतीच्या वन्यप्राण्यांच्या तक्रारी सोडवण्याचं काम करते. अशा फोनवर माझा पहिला प्रश्न प्राण्याबद्दल कधीच नसतो. मी विचारलं, "त्याला उघड्या हाताने कोणी उचललं का?"

थोडा वेळ शांतता. मग, "मुलाने. आठ वर्षांचा आहे. पण ते अगदी लहान आहे हो, दातसुद्धा नसतील त्याला."

दात असतात. वटवाघळाचं पिल्लू जन्मतःच आकड्यासारखे बारीक दुधाचे दात घेऊन येतं, आईला घट्ट लटकून राहण्यासाठी. त्या दातांचा ओरखडा माणसाच्या कातडीवर दिसेलच असं नाही. वटवाघळापासून रेबीज होऊ शकतो, आणि तो एकदा लक्षणांपर्यंत पोचला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, त्यामुळे इथे दिसण्या-न दिसण्यावर पैज लावायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वटवाघळाशी थेट स्पर्श हा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात मोडतो. मी सांगितलं, मुलाचा हात आत्ताच्या आत्ता साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. पिल्लू फेकू नका, सोडू नका. जाड हातमोजे घालून, भोकं पाडलेल्या खोक्यात फडक्यावर ठेवा आणि डॉक्टरांना सांगा की ते आपल्याकडे आहे. फट वगैरे सगळं नंतर.

डॉक्टरांनी त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, आणि लसीचा पहिला डोस दिला. आरोग्य खात्याने पिल्लू तपासणीसाठी मागवून घेतलं. ही तपासणी मेंदूच्या ऊतीची असते, म्हणजे प्राणी मारावाच लागतो. अहवालात रेबीज आढळला नाही, पण तो यायच्या आधीच ते पिल्लू गेलेलं होतं. मुलाने ते प्रेमाने उचललं होतं, टोपीत ठेवलं होतं. त्याला हे समजावून सांगणं त्याच्या आईला लसीच्या सुयांपेक्षा जड गेलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

आधी काय काय झालं होतं

दुपारी मी घरी गेले. हकीकत तीन महिने मागे जात होती. पहिले आवाज आले तेव्हा घरच्यांनी उंदीर धरले. तसे सगळेच धरतात. एका माणसाला बोलावून माळ्यावर विषाच्या वड्या ठेवल्या. महिनाभरात एकही वडी कुरतडली गेली नाही, तरी आवाज चालूच. खरं तर उत्तर तिथेच मिळालं होतं.

माळ्याच्या झडपेतून टॉर्च मारला तर तुळईखाली लेंड्यांचा पट्टा होता. उंदराची लेंडी वाळल्यावर कडक होते. कीटक खाणाऱ्या वटवाघळाची लेंडी काठीच्या टोकाने दाबली की तिचा कोरडा भुगा होतो, आणि त्यात कीटकांच्या पंखांचे, कवचांचे चमकणारे कण दिसतात. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. आवाजाचीही ओळख वेगळी असते. उंदीर मध्यरात्री छतभर धावतो, कुरतडतो. वटवाघळं दिवस मावळताना आणि पहाटे एकाच जागी चिरचिरतात आणि लाकडावरून सरपटल्यासारखी खरवडतात. ती लाकूड कुरतडत नाहीत, वायर कापत नाहीत, काडीकचरा आणून घरटं करत नाहीत. उंदरासारखे आयुष्यभर वाढणारे पुढचे दात त्यांना नसतातच. पुढे फटीखालच्या भिंतीवर तेलकट तपकिरी डाग दिसला तेव्हा घरच्यांनाही कळलं की ही वटवाघळं आहेत.

मग उपाय सुरू झाले. नॅप्थलीनच्या गोळ्या झाल्या. माळ्यावर आठवडाभर मोठा दिवा जळत ठेवून झाला. भिंतीत खोचायचं, "अल्ट्रासाउंडने प्राणी पळवणारं" यंत्रही झालं. गोळ्यांनी वटवाघळं तुळईच्या पलीकडे सरकली, आणि वास खालच्या खोल्यांत उतरला. नॅप्थलीनची वाफ माणसालाच बाधते, लहान मुलांना अधिक. दिव्याने ती आणखी आतल्या कोपऱ्यात गेली. यंत्राने काहीच झालं नाही. वटवाघळं माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत ओरडतात, हे डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पिअर्स या शास्त्रज्ञांनी १९३८ साली यंत्र लावून दाखवलं. म्हणजे जे प्राणी जन्मभर शेकडो भावंडांच्या अल्ट्रासाउंडच्या गलक्यात राहतात, त्यांना आणखी एका आवाजाने हाकलायचं म्हणतोय आपण. शिवाय हा ध्वनी हवेत लवकर विरतो आणि लाकडाच्या फळीपलीकडे जात नाही. अशी यंत्रं लोक काळजीपोटी विकत घेतात, म्हणून मला त्यांच्या जाहिरातींचा राग येतो.

शेवटी आला फोम.

हिशेब कुठे चुकला

रात्री घर रिकामं असतं, ही समजूत एरवी बहुतांशी बरोबर. पण वर्षातले काही आठवडे ती पूर्ण खोटी असते. छपराखालची ऊबदार जागा धरतात त्या बहुधा माद्या, आणि धरतात ती विण्यासाठी. मादीला बहुधा एकच पिल्लू होतं, काही जातींत जुळी. जन्मतः ते उघडंनागडं असतं आणि त्याचं वजन आईच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असू शकतं. एवढं ओझं घेऊन शिकार जमत नाही. म्हणून आई पिल्लाला मागे टांगून जाते, रात्रीतून परत येऊन पाजते, पुन्हा जाते. पिल्लाला उडता यायला तीन ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे त्या रात्री फोम भरला तेव्हा आत सगळी पिल्लं होती, शिवाय तेवढ्यात पाजायला परतलेल्या किंवा निघालेल्याच नसलेल्या काही माद्या होत्या. बाहेर बाकीच्या आया होत्या. आतल्यांनी वाट शोधली आणि ती खाली सापडली, मुलाच्या खोलीतल्या छताच्या दिव्याभोवतीच्या भोकातून. दिव्याची बैठक आणि भोक यांच्यात बोटभर जागा होती. पिल्लू तिथूनच पडलं. तोपर्यंत वटवाघळं आणि माणसं एकाच छपराखाली महिनोन्‌महिने एकमेकांना न शिवता राहत होती. बाहेरची वाट बंद झाल्याबरोबर ती घरात शिरली.

म्हणून मी कुठल्याही घरी पहिल्या दिवशी आतल्या फटी बंद करते. बाहेरच्या फटीला अगदी शेवटी हात लावते. लोकांना हे उलटं वाटतं, कारण त्रास देणारा बाहेरून येतो आणि हात आपोआप बाहेरच्या भोकाकडे जातो. पण जागा चुकली तर माणसाला धोका होतो तो आतल्या भोकातून. आतलं भोक कुठल्याही ऋतूत, कुठल्याही दिवशी बंद करता येतं. त्यात कोणी कोंडलं जात नाही, कोणी मरत नाही. बाहेरच्याला मात्र मुहूर्त पाहावा लागतो.

त्याच दुपारी आम्ही दिव्याची बैठक सील केली. माळ्याच्या झडपेला कडेने रबराची पट्टी बसवली, न्हाणीघराच्या पाइपाभोवतीची फट भरली, दारांच्या खालच्या फटींना ब्रश लावले. मग सूर्यास्ताच्या तासभर आधी शिडीवर चढून मी फोम कापायला घेतला. कडक झालेला फोम करवतीच्या पात्याने तुकड्या-तुकड्यांनी निघाला. मागे तीन पिल्लं मेलेली होती, एक फोमलाच चिकटून. गृहस्थ खाली शिडी धरून उभे होते. मी तुकडे पिशवीत टाकत होते ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "मला कोणाला मारायचं नव्हतं हो." मला ते खरं वाटलं. फट बुजवणाऱ्या बहुतेक माणसांना कोणालाच मारायचं नसतं.

अंधार पडताना आतून आधी दोन, मग एकामागून एक माद्या बाहेर पडल्या. बाहेरच्या आया पाचेक मिनिटं फटीपुढे भिरभिरल्या आणि आत शिरू लागल्या. वटवाघळाची आई गर्दीत आपलं पिल्लू आवाजावरून आणि वासावरून ओळखते. तासाभरात छतातली चिरचिर बदलली. आधी ती एकसारखी, तारस्वरात होती, आता ती तुटक झाली. आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भेटल्या वाटतं."

वाट पाहणं

घरच्यांना मी सांगितलं की आता चार-पाच आठवडे काहीच करायचं नाही. हे ऐकवणं माझ्या कामातला सर्वांत कठीण भाग असतो. माणसं तीन महिने त्रासलेली असतात, त्यांना आज काहीतरी व्हायला हवं असतं. सूनबाई थेट म्हणाल्या, "मुलाला सुया टोचून आणल्या, आणि तुम्ही म्हणता त्यांना राहू द्या?" मी वाद घातला नाही. त्यांना मुलाच्या खोलीत नेऊन सील केलेली बैठक दाखवली, हाताने हलवून पाहायला लावली. आज रात्रीपासून इथे काही पडणार नाही, याची खात्री झाल्यावरच त्या तयार झाल्या. बऱ्याच देशांत वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि पिल्लांच्या काळात त्यांची जागा बंद करणं हा गुन्हा ठरू शकतो, हेही मी सांगितलं. पण त्यांना पटलं ते कायद्याने नाही, बैठकीने.

त्या आठवड्यांत आम्ही फक्त मोजत होतो. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पहिलं वटवाघूळ निघतं. त्याच्या थोडं आधी भिंतीकडे तोंड करून, पाठीमागे उजळ आकाश राहील असं बसायचं आणि बाहेर पडणारी मोजायची. आत शिरली ती वजा करायची. पहिल्या दोन संध्याकाळी मी समोरच्या बाजूला बसले आणि अडतीस मोजली.

इथे माझी चूक झाली. फट समोर, डाग समोर, म्हणून मी घराला एक चक्कर मारून मागची बाजू "ठीक" ठरवली होती. तिसऱ्या संध्याकाळी आजी म्हणाल्या, "मागे सांडपाण्याच्या पाइपाजवळूनही निघतात की. मी रोज पाहते." मागच्या बाजूला पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथला गिलावा सुटला होता. अंगठा जाईल एवढीच जागा, आणि तेवढी यांना पुरते. तिथून अकरा निघाली. माळ्याच्या मधली भिंत थेट छपरापर्यंत गेलेली होती, त्यामुळे हे दोन वेगळे कप्पे होते. नुसत्या समोरच्या फटीवर काम केलं असतं तर अडतीसच्या अडतीस मागच्या भोकाने आत आली असती, आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली असती. त्यानंतर मी कुठल्याही घरी एकटीने मोजत नाही. प्रत्येक बाजूला एक माणूस बसवते, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारते.

एकोणपन्नासचा आकडा तीन आठवडे तसाच राहिला. चौथ्या आठवड्यात तो वाढू लागला. नव्याने उडणारी ओळखू येतात. ती फटीतून पडल्यासारखी निघतात, गोल मोठा घेतात, भिंतीला धडकून पुन्हा चिकटतात. आकडा एक्याऐंशीवर जाऊन स्थिरावला. दिवसा झडपेतून लाल दिव्याने पाहिलं तर न उडणारं एकही पिल्लू टांगलेलं नव्हतं. त्यावर आणखी एक आठवडा थांबलो. कुठल्या महिन्यात पिल्लं असतात ते जातीवर आणि हवामानावर ठरतं, काही जाती वर्षातून एकाहून अधिक वेळा वितात. म्हणून मी दिनदर्शिकेपेक्षा या मोजणीवर विश्वास ठेवते.

बाहेर काढणं

कामाच्या तीन आठवडे आधीच आम्ही मागच्या भिंतीवर, जमिनीपासून चार मीटर उंचावर, उन्हाच्या बाजूला लाकडी पेटी लावून ठेवली. आतून खरवडलेली फळी, दोन सेंटीमीटर अरुंद कप्पे, खालून उघडी. हाकललेल्यांना जायला जवळ जागा असली तर ती घरात शिरायचा हट्ट कमी करतील, एवढीच आशा. पेटी लावली की ती येतीलच, असं मी कोणाला सांगत नाही.

समोरच्या लांब फटीवर बारीक विणीची जाळी वरून आणि दोन्ही कडांनी घट्ट ठोकली, खाली साठ सेंटीमीटर सैल सोडली. आतलं वटवाघूळ फटीतून निघून भिंतीवरून खाली सरपटतं आणि जाळीच्या तळातून सुटतं. परत येताना ते वासाच्या आणि ऊबेच्या दिशेने सरळ फटीकडे जातं, मध्ये जाळी लागते. खालून वर शिरायचं त्याला सुचत नाही. मागच्या गोल भोकात पाच सेंटीमीटर व्यासाची, पंचवीस सेंटीमीटर लांब, आतून गुळगुळीत नळी तिरकी बसवली. गुळगुळीतवर पाय रोवत नाहीत, त्यामुळे घसरून बाहेर जाता येतं, परत चढता येत नाही. बाकीच्या सहा मिलिमीटरहून मोठ्या सगळ्या फटी, ज्यांतून ये-जा नव्हती, त्या आधीच भरून घेतल्या होत्या.

पहिल्या रात्री बहुतेक सगळी निघाली. पहाटे भिंतीपुढे त्यांची इतकी गर्दी झाली की सूनबाईंनी खिडकीतून पाहून मला फोन केला. त्यांना भीती वाटली असेल असं मला वाटलं, पण त्या विचारत होत्या, "यांना कळेल ना दुसरीकडे जायचं?" दोन रात्री मोठा पाऊस झाला. मुसळधार पावसात ती निघत नाहीत, म्हणून त्या रात्री हिशेबातून वगळल्या. सलग दोन कोरड्या संध्याकाळी शून्य आलं तेव्हा कोरड्या रात्री सात भरल्या होत्या. माळ्यावर टॉर्च फिरवून खात्री केली, जाळी आणि नळी काढली, आणि मग ती फट बुजवली. या वेळी फोम नाही, लाकडी पट्टी आणि सीलंट. माळ्याला हवा लागते तिथल्या झरोक्यांना सहा मिलिमीटरची पोलादी जाळी.

लेंड्या काढायचं काम मी घरच्यांना करू दिलं नाही. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. तिचे बीजाणू धुळीबरोबर श्वासात गेले की फुप्फुसाचा आजार होतो. कोरडा झाडू मारणं, साधा व्हॅक्यूम लावणं ही सर्वांत धोक्याची पद्धत. आम्ही एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून आधी फवाऱ्याने सगळं ओलं केलं, मग फावड्याने उचलून दुहेरी पिशव्यांत बांधलं. साचलेलं सगळं दोन पिशव्यांत मावलं.

पुढच्या वर्षी

सायबेरियात खूण करून सोडलेलं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा सापडलं होतं. जेमतेम सात ग्रॅमचा जीव. इतकी वर्षं जगणारा प्राणी आपली विण्याची जागा विसरत नाही. म्हणून मी घरच्यांना पुढच्या वर्षीही त्याच आठवड्यांत मोजायला सांगितलं होतं. माद्या आल्या. पाच-सहा संध्याकाळी त्या जुन्या फटीपुढे घिरट्या घालत राहिल्या, लाकडी पट्टीवर चिकटून वर-खाली सरपटल्या, आणि गेल्या. आत एकही शिरली नाही. पेटी त्या वर्षी रिकामी राहिली.

दुसऱ्या वर्षी मुलाचा फोन आला. लसीचे सगळे डोस त्याने कधीच पूर्ण केले होते, आणि वटवाघळाला हात लावायचा नाही हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. पेटीखालच्या फरशीवर काळे दाणे पडलेत, म्हणाला. मी म्हटलं, उंदराचेही असतील, नाहीतर पालीचे.

"नाही," तो म्हणाला, "काठीने दाबून पाहिले. भुगा झाला. चमकतंय."